‘जरा सुधारलाय’ म्हणजे किती? विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्तनाची नोंद कशी ठेवावी

खानापूर तालुक्यातल्या रानाकडच्या दोन शिक्षकी शाळेत जा, निपाणीतल्या भरगच्च वर्गात जा, नाहीतर बेळगाव शहरातल्या एखाद्या विशेष शाळेत जा. मुलाच्या वागण्याविषयी विचारलं की उत्तर बहुधा एकच येतं, "आता जरा सुधारलाय की." हे उत्तर खोटं नसतं. पण ते देणाऱ्याचा आदला दिवस कसा गेला, यावर ते फार अवलंबून असतं. शुक्रवारी मुलाने पाटी फेकली असेल, तर शनिवारी त्याच मुलाबद्दल "काडीचा फरक नाही" असं ऐकू येतं. आणि अशा एका वाक्यावर त्याचं वर्षभराचं बरंच काही ठरून जातं. त्याला कुठे बसवायचं, सहलीला न्यायचं का, ‘उद्यापासून घरीच ठेवा’ असं आईला सांगायचं का.

हा लेख सीमाभागातल्या मराठी शाळांमधल्या शिक्षकांसाठी, विशेष शिक्षकांसाठी आणि तालुक्याच्या बीआयईआरटींसाठी (म्हणजे समावेशक शिक्षणासाठी तालुक्यावर नेमलेल्या साधन शिक्षकांसाठी) आहे. घरच्यांसाठीही त्यात थोडं आहे. रोजची पाच-सात मिनिटं द्यायची तयारी असेल तर यातलं सगळं करता येतं. मी या नोंदीकडे आपल्या योजनेची तपासणी म्हणून बघते. आकडा हलत नसेल, तर आधी आपण काय वेगळं करायचं हे शोधावं लागतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ मध्ये प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या सहभागावर आणि प्रगतीवर लक्ष ठेवणं ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. तेव्हा छडी आणि ‘घरी ठेवा’ हे दोन्ही मार्ग मिटलेले आहेत. उरतो तो समजून घेण्याचा आणि शिकवण्याचा मार्ग, आणि त्याला नोंद लागते.

एका वेळी एकच वर्तन

मुलाच्या वागण्याची यादी करायला बसलं की ती वीस ओळींची होते. मारतो, पळतो, ओरडतो, वही फाडतो, शर्टाची बटणं चघळतो. ही यादी करावी, पण सगळं मोजायला घेऊ नये. सुरुवातीला एक, फार तर दोन. निवडताना मी तीन प्रश्न विचारते. यामुळे त्याला किंवा दुसऱ्याला इजा होते का? यामुळे त्याचं किंवा वर्गाचं शिकणं थांबतं का? यामुळे त्याच्याशी कोणी खेळत नाही असं झालंय का? बटणं चघळणं शिक्षकाला खटकतं, पण या तीनपैकी एकाही प्रश्नाला ‘हो’ मिळत नसेल तर ते राहू द्यावं.

संपूर्ण चित्र हवं असेल तर सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने (आता तिचं नाव निएपिड आहे) १९९२ मध्ये भारतीय मुलांसाठी तयार केलेली बेसिक-एमआर ही मोजपट्टी उपयोगी पडते. तिच्या दुसऱ्या भागात त्रासदायक वर्तनाच्या ७५ बाबी १० गटांत दिल्या आहेत. प्रत्येक बाबीला ‘कधीच नाही’साठी ०, ‘अधूनमधून’साठी १ आणि ‘वारंवार’साठी २ गुण असतात. वर्षाच्या सुरुवातीला आणि सत्राच्या शेवटी ती भरावी. रोजच्या कामाला मात्र ती नको. इतकी बारीक हालचाल तिच्यात दिसत नाही.

व्याख्या अशी हवी की परका माणूसही मोजू शकेल

‘आक्रमक होतो’, ‘हट्टीपणा करतो’, ‘त्रास देतो’ हे शब्द नोंदवहीत चालत नाहीत. एका शिक्षकाला जो हट्टीपणा वाटतो तो दुसऱ्याला वाटत नाही. डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल तेवढंच लिहायचं.

समजा, चौथीतला एक मुलगा आहे. बोलणं दोन-तीन शब्दांचं, आणि शेजारच्याला मारतो. व्याख्या अशी होईल: ‘उघड्या हाताने, मुठीने किंवा हातातल्या वस्तूने दुसऱ्या व्यक्तीच्या अंगाला लागेल असा फटका देणे. हात उगारला पण लागला नाही, तर धरायचं नाही. खेळात टाळी दिली, तर धरायचं नाही. लागोपाठ फटके दिले आणि मध्ये दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला नाही, तर एकच प्रसंग धरायचा.’ वाचताना हे किचकट वाटतं, पण शेवटचं वाक्य लिहिलं नाही तर एक शिक्षक आठ लिहितो आणि दुसरा तीन, आणि दोघंही बरोबर असतात.

आता त्याच मुलाला मारण्याच्या जागी काय शिकवायचं, त्याचीही अशीच व्याख्या लागते. समजा आपण ‘नको’ म्हणायला किंवा ‘नको’चं चित्रकार्ड दाखवायला शिकवतो आहोत. चिक्कोडी-अथणीकडे कित्येक घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. मूल वर्गात ‘नको’ म्हणेल आणि जेवणाच्या रांगेत ‘बेड’ (कन्नडमधलं ‘नको’) म्हणेल. दोन्ही धरायचे, मान हलवली तरी धरायचं, हे सुरुवातीलाच लिहून ठेवा. नाहीतर मूल शिकलेलं असतं आणि आपल्या वहीत शून्य असतं.

उद्दिष्ट तपासायला एक जुनी कसोटी आहे. ऑग्डन लिंड्सली या अमेरिकन वर्तनतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात ती मांडली. मेलेल्या माणसाला जे जमेल ते वर्तन धरायचं नाही. ‘शांत बसेल’, ‘मारणार नाही’, ‘आवाज करणार नाही’ ही तिन्ही उद्दिष्टं या कसोटीवर गळून पडतात. मुलाने काय करायचं हे लिहिलं, तरच ते शिकवता येतं.

मोजण्याआधी दोन-चार दिवस नुसतं बघा

एका कागदावर तीन रकाने आखा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. वेळ आणि जागा बाजूला लिहा. आठ-दहा प्रसंग जमले की बहुतेक वेळा आकृती दिसायला लागते. फटका नेहमी लिहायचं काम दिल्यावर पडतो आणि नंतर त्याला बाहेर नेऊन बसवतात? मग तो फटका त्याला कामातून सोडवतो आहे. बाई पाठमोऱ्या असताना पडतो आणि बाई धावत येतात? मग तो लक्ष मिळवून देतो आहे. वस्तू मिळवणं हे तिसरं कारण. चौथं म्हणजे त्या कृतीतूनच शरीराला मिळणारा अनुभव, जसं डुलणं, कानावर हात मारणं. एकाच कृतीमागे दोन कारणंही असू शकतात.

इथे घाई करू नका. कामातून सुटण्यासाठी मारणाऱ्या मुलाला ‘बाहेर जाऊन बस’ ही शिक्षा दिली, तर त्याला जे हवं तेच मिळतं आणि पुढचा महिनाभर आकडा चढत जातो. कारण न कळता ठेवलेली नोंद वाढ किंवा घट दाखवते, पण पुढे काय करायचं ते सांगत नाही.

शरीराकडेही बघायचं. कान दुखणं, दात किडणं, पोट साफ नसणं, सकाळी काही न खाता येणं, फिट्सच्या गोळ्या चुकणं किंवा बदलणं. बोलून सांगता न येणारं मूल हे सगळं हातपाय आपटून सांगतं. वागणं एकाएकी बदललं असेल तर आधी डॉक्टर, मग वही.

काय मोजायचं: किती वेळा, किती वेळ, किती उशिराने

सुरुवात आणि शेवट स्पष्ट असलेली छोटी कृती असेल, जसं मारणं, वस्तू फेकणं, वर्गातून पळणं, तर किती वेळा झाली ते मोजा. पण त्यासोबत किती वेळ बघितलं हेही लिहा. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं. आठवडाभर दिवसाला सहा तास बघितलं आणि दिवसाला सहा फटके पडले, तर तासाला एक. शनिवारी शाळा अर्धी. तीन तासांत तीन फटके पडले तरी प्रमाण तेच, तासाला एक. वहीत नुसते ६ आणि ३ लिहिले तर शनिवारी मूल निम्म्याने सुधारल्यासारखं दिसतं.

रडणं, जमिनीवर लोळणं, टेबलाखाली जाऊन बसणं यांत ‘किती वेळा’ फारसं कामाचं नसतं. दिवसातून एकदाच रडतो, पण पाऊण तास. तिथे घड्याळ लावून कालावधी मोजा. पुष्कळदा वेळा तितक्याच राहतात आणि पाऊण तासाची वीस मिनिटं होतात. ती मोठी प्रगती असते आणि फक्त वेळा मोजणाऱ्याला ती दिसत नाही.

सांगितल्यापासून काम सुरू करेपर्यंत किती वेळ गेला, हा तिसरा प्रकार. ‘वही काढ’ म्हटल्यावर वही निघायला सात मिनिटं लागत होती, आता दोन लागतात.

‘कामात लक्ष असणं’ यासारखी सतत चालणारी गोष्ट मोजायची असेल तर क्षणनोंद घ्या. वर्गात एकट्या असलेल्या शिक्षकाला हीच पद्धत सर्वांत झेपते. अर्ध्या तासाच्या तासिकेत दर तीन मिनिटांनी मोबाइल खिशात थरथरेल असं लावून ठेवा. थरथरला की मान वर करायची, त्या क्षणी मूल काय करतंय ते बघायचं, बरोबर किंवा फुली मारायची आणि शिकवणं पुढे चालू. दहापैकी सहा वेळा कामात दिसला, म्हणजे ६० टक्के. मधल्या तीन मिनिटांत काय झालं ते सोडून द्यायचं. फार क्वचित होणाऱ्या कृतीसाठी मात्र ही पद्धत वापरू नका, ती नेमकी दोन नजरांच्या मध्ये निसटते.

आणि शेवटची गोष्ट, जी माझ्या मते विशेष मुलांच्या नोंदीत सर्वांत जास्त बोलते: मदत किती लागली. चार खुणा ठरवा. ‘ह’ म्हणजे हात धरून करून घेतलं, ‘खु’ म्हणजे खुणेने दाखवावं लागलं, ‘तों’ म्हणजे तोंडी आठवण दिली, ‘स्व’ म्हणजे स्वतःहून केलं. ‘नको’चं कार्ड जूनमध्ये दिवसातून पाच वेळा दाखवलं आणि ऑगस्टमध्येही पाचच वेळा, असं असेल तर आकडा जागचा हललेला नाही. पण जूनमधले पाचही ‘ह’ आणि ऑगस्टमधले तीन ‘खु’, दोन ‘स्व’ असतील, तर मूल कुठून कुठे आलं ते कोणालाही दिसतं. मध्यम आणि तीव्र स्वरूपाच्या बौद्धिक अक्षमतेत प्रगती पहिल्यांदा या रकान्यात उमटते.

हातात खडू असताना मोजायचं कसं

शंभर रकान्यांचे तक्ते कोणी भरत नाही. पहिली ते चौथी एकत्र बसवणाऱ्या शिक्षकाने तर विचारही करू नये. साधं काहीतरी हवं. उजव्या खिशात वीस चिंचोके ठेवा, प्रसंग झाला की एक डाव्या खिशात टाका, आणि सुट्टीत मोजून वहीत आकडा लिहा. खिसा नसेल तर टेबलाच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर रेघा ओढा. दिवस संपला की पट्टी काढून तारखेसह वहीत चिकटवा.

दिवसभर मोजणं जमत नसेल तर दिवसातले दोन तुकडे निवडा. आधीच्या तीन रकान्यांच्या कागदावरून कळतं की त्रास कोणत्या वेळेला जास्त होतो. सकाळी दूध वाटताना, गणिताच्या तासाला, अक्षर दासोहच्या जेवणाच्या रांगेत. त्या दोन वेळा रोज त्याच ठेवा. एका आठवड्यात रांग आणि पुढच्या आठवड्यात परिपाठ असं केलं, तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

जे घडलं ते त्याच दिवशी लिहायचं. शनिवारी बसून आठवड्याचं आठवून लिहिलेलं मी नोंद मानत नाही. राहून गेलं असेल तर त्या दिवशी आडवी रेघ मारा. रिकामा दिवस प्रामाणिक असतो, अंदाजे भरलेला आकडा पुढचा निर्णय चुकवतो. शून्य आणि रिकामं यांतला फरकही पाळा. शून्य म्हणजे बघितलं आणि झालं नाही.

आणखी दोन गोष्टी मी आग्रहाने सांगते. मोजायचं काम दुसऱ्या मुलांना देऊ नका, आणि तक्ता भिंतीवर लावू नका. ‘आज त्यानं किती मारलं’ हे सगळ्या वर्गाला दिसलं की मूल त्या आकड्याने ओळखलं जातं. वही कपाटात, कुलपात.

आधीची स्थिती

नवीन काही सुरू करण्याआधी निदान तीन, शक्यतो पाच दिवस नुसतं मोजा. याला बेसलाइन म्हणतात. मात्र मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करत असेल तर पाच दिवस वाट बघायची नसते. आधी सुरक्षितता, मोजणं त्यासोबतच सुरू.

समजा आपल्या चौथीतल्या मुलाचे पाच पूर्ण दिवसांचे आकडे ७, ४, ६, ९, ५ आले. चढत्या क्रमाने मांडले तर ४, ५, ६, ७, ९. मधला आकडा ६. हा मध्यक घ्या, सरासरी नको. एखाद्या दिवशी गावात यात्रा, रात्रभर ढोल, मुलाची झोप नाही आणि आकडा १९ वर गेला, तर सरासरी फुगते, मध्यक फारसा हलत नाही.

बेसलाइन कधी घ्यायची हे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. जूनचा पहिला आठवडा नको, मुलं अजून बसलेली नसतात. खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबी, जांबोटीकडे जुलैत पावसाची सुट्टी कधी लागेल सांगता येत नाही. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या गावांत पुराची भीती असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कित्येक कुटुंबांना घर सोडून निवाऱ्याला जावं लागलं होतं. अशा दिवसांतला आकडा मुलाची घालमेल सांगतो, त्याची नेहमीची स्थिती सांगत नाही. जूनचा दुसरा-तिसरा आठवडा मला सर्वांत बरा वाटतो.

उद्दिष्टाचं वाक्य

वैयक्तिक शिक्षण आराखड्यात उद्दिष्ट एका वाक्यात बसवायचं असतं आणि त्यात चार गोष्टी याव्या लागतात: कोणत्या परिस्थितीत, मूल काय करेल, किती प्रमाणात, केव्हापर्यंत. आपल्या उदाहरणात:

‘लिहायचं काम दिल्यावर आणि ते जड वाटल्यास, मूल दोन मिनिटांच्या आत कार्ड दाखवून किंवा बोलून "नको" किंवा "मदत" सांगेल, ५ पैकी ४ प्रसंगी, तोंडी आठवणीशिवाय, सलग दोन आठवडे, दसऱ्याच्या सुट्टीपूर्वी.’

त्याखाली दुसरी ओळ: ‘याच काळात फटक्यांचं प्रमाण दिवसाला ६ वरून १ वर येईल.’ शिकवायचं वर्तन वर आणि कमी व्हायचं वर्तन खाली, अशी जोडी हवी. दुसरीच ओळ एकटी ठेवली तर मुलाला कोपऱ्यात एकटं बसवूनही ती पूर्ण करता येते.

मुदतीला दसऱ्याची सुट्टी घेतली, कारण कर्नाटकातल्या शाळांची मधली मोठी सुट्टी दिवाळीऐवजी दसऱ्याला असते. महाराष्ट्रातले नमुने बघून आराखडा करणाऱ्यांनी तारखा इथल्या वेळापत्रकाप्रमाणे बदलाव्यात.

प्रमाण ठरवताना मोह आवरा. दिवसाला सहा फटके देणाऱ्या मुलासाठी पहिल्याच महिन्यात शून्याचं उद्दिष्ट लिहिणं म्हणजे नापासाची तयारी. वर्गातल्या इतर दोन-तीन मुलांनाही, त्यांच्या नकळत, एक-दोन दिवस बघा. चौथीतली इतर मुलंही एकमेकांना अधूनमधून फटके देतात. विशेष गरजा असलेल्या मुलाकडून त्यांच्याहून जास्त शहाणपणाची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

आलेख

आलेख कागद किंवा चौकटीची वही घ्या. आडव्या रेघेवर शाळेचे दिवस, उभ्या रेघेवर आकडा. बेसलाइनचे पाच ठिपके मांडा, त्यांच्यानंतर उभी रेघ ओढा आणि तिच्यावर ‘कार्ड सुरू’ असं लिहा. पुढे योजनेत जो काही बदल कराल, त्या प्रत्येक ठिकाणी अशी उभी रेघ. जागा बदलली, गोळी बदलली, नवीन बाई आल्या, तर त्याचीही.

मग लक्ष्यरेषा. बेसलाइनचा मध्यक ६ आणि दहा आठवड्यांनंतरचं उद्दिष्ट १, हे दोन बिंदू पट्टीने जोडा. ही रेषा आठवड्याला अर्ध्या फटक्याने उतरते. म्हणजे पहिल्या आठवड्यात साडेपाच झाले तरी आपण वाटेवर आहोत. हे पालकांना दाखवलं की त्यांचाही जीव भांड्यात पडतो, कारण त्यांनी आठ दिवसांत चमत्कार मनात धरलेला असतो. अर्ध्या दिवसाच्या शनिवारचा ठिपका पूर्ण दिवसाच्या प्रमाणात करून मांडा, किंवा शनिवार सगळ्या आलेखातून वगळा.

सुट्टीच्या अलीकडचा आणि पलीकडचा ठिपका जोडू नका. मध्ये मोकळी जागा सोडा. सुट्टीनंतर आकडा वर जातो, ते बहुतेक मुलांचं होतं. तीन दिवस नुसतं मोजा आणि मग ठरवा.

या आलेखाचा आपल्या भागात आणखी एक मोठा उपयोग आहे. वर्गशिक्षिका मराठी, बीआयईआरटी कन्नड, दवाखान्यातला अहवाल इंग्रजीत आणि आईला यातली एकच भाषा येते, अशी बैठक इथे नेहमीची आहे. रेघ सगळ्यांना कळते. आलेखावर शीर्षक, वर्तनाची व्याख्या आणि बदलांच्या नोंदी मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा, आकडे इंग्रजी घाला. मराठी येणाऱ्या पण कन्नड लिहिता न येणाऱ्या शिक्षकाने शाळेतल्या कन्नडच्या शिक्षकाकडून त्या चार ओळी लिहून घ्याव्यात. तालुक्याच्या साधन केंद्रात (बीआरसी) किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या (बीईओ) कार्यालयात मदतनीस, साहित्य, थेरपी मागताना असा कागद सोबत असेल तर मागणी कशासाठी आहे ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आलेख बघून काय करायचं

नोंद आणि निर्णय यांची गाठ इथे पडते, आणि बहुतेक वह्या इथेच अडतात. आकडे भरले जातात, शिक्का पडतो, आणि त्यांच्यावरून कोणी काही बदलत नाही. म्हणून नियम आधीच ठरवून ठेवावेत. मी चार ठिपक्यांचा नियम वापरते.

कमी व्हायच्या वर्तनात सलग चार ठिपके लक्ष्यरेषेच्या वर आले, तर योजना बदला. सलग चार रेषेच्या बरेच खाली आले, तर उद्दिष्ट पुढे न्या. रेषेच्या आजूबाजूला वरखाली होत असतील, तर जे चाललंय ते चालू ठेवा. शिकवायच्या वर्तनाला हाच नियम उलटा लावायचा.

योजना बदलायची म्हणजे लगेच सगळं मोडायचं असं नाही. आधी बघा, ठरलेलं खरोखर केलं जात होतं का? कार्ड मुलाच्या हाताशी होतं की कपाटात? त्याने दाखवल्यावर दर वेळी, ताबडतोब, काम थांबवलं किंवा मदत दिली? बदली शिक्षकांना हे माहीत होतं का? यासाठी नोंदीत रोजचा एक छोटा चौकोन ठेवा: ‘आज ठरल्याप्रमाणे झालं का? हो / थोडं / नाही.’ चार वाईट ठिपक्यांच्या खाली चार वेळा ‘नाही’ असेल, तर योजनेला दोष देण्यात अर्थ नाही. चारही ‘हो’ असतील, तर कारणाचा अंदाज चुकला असेल, पुन्हा तीन रकान्यांच्या कागदाकडे जा. किंवा काम फार जड असेल, किंवा ‘नको’ म्हटल्यावर मिळणारी सुटका फटक्याने मिळणाऱ्या सुटकेपेक्षा हळू असेल.

एक सावधगिरी. लक्ष मिळवण्यासाठीच्या ओरडण्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं, तर पहिले काही दिवस ओरडणं वाढू शकतं. आतापर्यंत जे चालत होतं ते चालेनासं झालं म्हणून मूल जोर लावतं. तिथे चार ठिपक्यांवर घाबरून योजना सोडली, तर मूल शिकतं की जास्त ओरडलं की मिळतं. असा चढ येऊ शकतो हे सर्वांना आधी सांगा आणि आठवडाभर थांबा. मात्र डोकं आपटणं, चावून घेणं अशा कृतींना ही पद्धत लावू नका. तिथे मानसशास्त्रज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ सोबत हवेत.

दुसऱ्याची नजर

महिन्यातून एक-दोनदा दुसऱ्या व्यक्तीने त्याच वेळात, वेगळं बसून मोजावं. सहकारी शिक्षक, सीआरपी (शाळासमूहाचे साधन व्यक्ती), भेटीला आलेले बीआयईआरटी, कोणीही. लहान आकड्याला मोठ्याने भागा आणि शंभरने गुणा. तुमचे ८, त्यांचे १०, म्हणजे ८० टक्के. ८० किंवा त्याहून जास्त असेल तर नोंद भरवशाची. खाली आला तर भांडू नका, व्याख्येत कुठे फट आहे ते शोधा आणि ती बुजवा.

घरी

घरच्यांकडून एकच गोष्ट मागा. शाळेचा तक्ता त्यांच्या हातात देऊ नका. गळीत हंगामात घरची माणसं दिवसभर फडात असतात, मूल आजीजवळ असतं, आणि आजीला वाचता येतंच असं नाही. तिला दोन डबे द्या. नातवाने काही नको असताना मारलं की एका डब्यात चिंचोका, ‘नको’ म्हणाला की दुसऱ्यात. शनिवारी डबे शाळेत येतात. मोबाइल हाताळणाऱ्या आईकडून रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळीचा आवाजी निरोप पुरतो.

आणि त्या निरोपाला उत्तर द्या. "बाई, आज दोनदाच मारलं, आणि पाणी नको म्हणून हातानं सांगितलं की" असं एखाद्या आईने कळवलं, तर "तुम्ही बरोबर टिपलंत, हे त्याचं नवीन आहे" एवढं तरी परत जायला हवं. मुलाची तक्रार ऐकण्यासाठीच शाळेतून फोन येतो, याची या आयांना वर्षानुवर्षं सवय झालेली असते. नोंदीमुळे पहिल्यांदाच त्यांच्याशी चांगली बातमी घेऊन बोलता येतं, आणि मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाचं तेच वाटतं.

उद्दिष्ट गाठल्यावर

सलग दोन आठवडे प्रमाण जमलं की रोजचं मोजणं थांबवा. मग आठवड्यातून एकदा, पुढे महिन्यातून एकदा बघा. त्याचबरोबर जागा आणि माणसं बदलून बघा. आपल्या बाईंपाशी ‘नको’ म्हणणारं मूल मैदानावर, दुसऱ्या गुरुजींपाशी, बसमध्ये, मामाच्या घरी म्हणतं का? तिथे पुन्हा फटका येत असेल तर ते कौशल्य अजून एकाच खोलीत अडकलेलं आहे. त्या नव्या जागेची छोटी बेसलाइन घेऊन तीच पायरी पुन्हा चढायची.

गावातली शाळा सातवीला संपते आणि मूल आठवीला दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जातं, तेव्हा ही वही बहुतेक वेळा जुन्या कपाटातच राहते. सातवीच्या शेवटी, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, एका पानाचा गोषवारा करा. वर्तनाची व्याख्या, त्यामागचं कारण, सुरुवातीचा आणि आताचा मध्यक, कोणती योजना चालली आणि कोणती चालली नाही, मदत कोणत्या पायरीवर आहे, मूल ‘नको’ आणि ‘मदत’ कसं सांगतं, आणि कोणत्या गोष्टीने ते शांत होतं. सोबत शेवटचा आलेख. पालकांची परवानगी घ्या, एक प्रत त्यांना द्या, एक बीआयईआरटींना, आणि तिसरी नव्या वर्गशिक्षकांच्या हातात शाळा सुरू होण्याच्या आत पोचवा, शक्य असेल तर मूल आणि आई सोबत असताना.